मोठीमायनं आधी कोणाला धरलं

मोठीमाय काहीही वाटायला बसली की आधी वाटे घालायची आणि मग पाठ फिरवायची. भाकरी असो, गूळ असो, जत्रेतून आणलेल्या रेवड्या असोत, ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि आमच्यापैकी कोणीतरी एका वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, "ह्यो कोणाला?" मोठीमाय भिंतीला सांगितल्यासारखं एक नाव घ्यायची. ज्याचं नाव, त्याचा तो वाटा. मटणाचे वाटे असे घालतात हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, पण आमच्या घरी शेंगदाण्याच्या लाडवालाही हाच कायदा होता. पाहुणे हसायचे, आई कपाळाला हात लावायची. मला मात्र या रीतीचा मनापासून राग यायचा, कारण त्या नावांत मुक्ता या माझ्या नावाच्या बरोबरीनं जमनीचं नाव असायचं.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. सिद्धेश्वर धरणाच्या फुगवट्याच्या काठाला आमचं गाव. घरी मेंढरं आणि पोटापुरती कोरडवाहू जमीन. मोठे बाबा माझ्या जन्माआधीच वारलेले, मोठीमायला लेकरू नाही. माझ्या पाठीवर आईला लागोपाठ तीन मुलगे झाले, त्यामुळे मी आपोआप मोठीमायच्या घोंगडीत गेले. तिला लेकरू नव्हतं आणि मला आई पुरत नव्हती, इतका सरळ मामला होता. तिच्या पोटाशी झोपायची जागा माझी, तिच्या कनवटीला असलेला गुळाचा खडा माझा, ती रानात निघाली की तिच्या लुगड्याचा सोगाही माझ्याच हातात. या कारभारात दुसरं कोणी वाटेकरी येईल, असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

आली ती जमनी. आमच्या गावाजवळच्या टेकाडापलीकडे लमाणांचा तांडा आहे, तिथली. दिवाळी झाली की तिचे आईबाप ऊस तोडायला कारखान्याकडे जायचे आणि ही तांड्यावर आजीजवळ राहायची. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ती पोरीला सांभाळायची की पोरगी तिला, हा प्रश्नच होता. जमनी आमच्या कोकरांमागे हिंडता हिंडता एक दिवस आमच्या चुलीपर्यंत पोचली. मोठीमायनं तिला भाकरी दिली. दुसऱ्या दिवशी ती परत आली, तिसऱ्या दिवशी आजीला घेऊन आली. महिन्याभरात ती मोठीमायला "याडी" म्हणायला लागली. मला वाटलं, त्यांच्या बोलीत बाईला असंच म्हणत असतील. पुढे कळलं की याडी म्हणजे आई. मी सख्ख्या घरातली, तरी मला "मोठीमाय" म्हणूनच हाक मारावी लागायची, आणि ही टेकाडापलीकडून येऊन एका शब्दात आई म्हणून मोकळी. त्या दिवशी मी जेवले नाही. मोठीमायनं माझा वाटा झाकून ठेवला आणि म्हणाली, "भूक लागंल तवा खाय. रुसून राहिलीस तं भाकर थोडीच रुसते."

जमनी दिसायला माझ्यापेक्षा उजवी होती, हेही सांगून टाकते. तिचे डोळे मोठे, हसणं मोठं, आणि तिच्याकडे लाल घागरा होता. आरसे लावलेला, कवड्या टाचलेला. ती चालली की तो उन्हात चमकायचा. माझ्याकडे हिरवा परकर होता, जो कशानंच चमकायचा नाही.

एकदा आमच्या एका मेंढीचं कोकरू मेलं आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या एका कोकराची आई मेली. मला वाटलं, सोपं आहे, याला तिच्याखाली सोडायचं. पण मेंढी आधी हुंगते. वास आपला नसला की डोक्यानं ढुशी मारून कोकराला उडवून देते. त्या पोरक्या कोकरानं अशा कितीतरी ढुशा खाल्ल्या. शेवटी मोठीमायनं मेलेल्या कोकराचं कातडं काढलं आणि याच्या पाठीवर बांधलं. मेंढीनं हुंगलं, जरा थांबली आणि पाजायला लागली. जमनी टाळ्या पिटून नाचत होती. मी तोंड वाकडं करून म्हटलं, "मोठीमाय, फसवलंस तू तिला." मोठीमाय हात धूत होती. "व्हय, फसवलं. पण कोकरू प्यालं का न्हाई?" एवढं बोलून ती कामाला लागली.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मोठीमाय पंचक्रोशीत प्रसिद्ध झाली आणि जिच्यामुळे मी आयुष्यभर जळत राहिले.

नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं होती, आमचा भाग अजून परभणी जिल्ह्यात होता. मी आणि जमनी आठ-नऊ वर्षांच्या. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुतात, म्हणून मोठीमाय आम्हा दोघींना घेऊन फुगवट्यावर गेली होती. ती कमरेइतक्या पाण्यात उभी राहून एकेक मेंढरू चोळत होती. आम्ही काठावरच्या बाभळीआड गेलो आणि तिथं मी जमनीच्या इतकी मागं लागले, इतकी लागले, की अखेर तिनं मला तो आरशांचा घागरा घालायला दिला आणि माझा परकर स्वतः नेसली. मोठीमायची पाठ होती, तिला यातलं काही दिसलं नाही. मग आपलं रूप पाण्यात बघायला म्हणून मी उतरले, माझा हात धरून जमनीही उतरली. उन्हाळ्यात लोकांनी शेतात टाकायला तिथला गाळ उकरून नेला होता, आणि पाणी भरल्यावर तो खड्डा कोणाला दिसत नव्हता. आम्ही दोघी एकदम त्यात गेलो.

मला आठवतं ते एवढंच की घागरा भिजून असा जड झाला, जणू कोणी खालून ओढतंय. पाणी गढूळ, वर-खाली काही कळेना. बाकीचं मी लोकांकडून ऐकलं. पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनी बघितलं की मोठीमायनं हातातलं मेंढरू सोडलं, पाण्यात झेप घेतली आणि आधी जमनीला काठावर फेकलं. मग ती परत वळली आणि मला काढलं. मला पालथं करून पाणी काढावं लागलं. आईनं मी शुद्धीवर आल्याबरोबर आधी दोन थोबाडीत दिल्या, त्या घागऱ्यासाठी. "त्याच्या वजनानंच गेली असतीस मेले," असं म्हणत ती रडत होती. पण तिचा खरा राग माझ्यावर नव्हता.

खरा राग काय होता, ते गावानं दुसऱ्या दिवसापासून मोठ्यानं बोलून दाखवलं. आपल्या घरचं लेकरू बुडत होतं आणि बाईनं लमाणाची पोरगी आधी काढली. भाऊबंदांतल्या बायका हातवारे करून विचारायच्या, "रगत रगताला वळखत न्हाई का गं?" वडील कितीतरी दिवस मोठीमायशी बोलले नाहीत. तिच्या हातचं पाणी घेतलं तरी तोंड बाजूला करून घ्यायचे. कोणी तिला चिडवायला "तांड्याची याडी" म्हणू लागलं, आणि ती ते नाव खाली मान घालून घ्यायची.

तांड्यावर मात्र उलट. तिथला नाईक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, चार माणसं घेऊन आमच्या दारात आला आणि मोठीमायच्या पायाला हात लावला. जमनीचे आईबाप कारखान्यावरून परतले ते सरळ आमच्याकडे आले. पुढच्या होळीला तांड्यानं तिला बोलावून नेलं. होळी हा त्यांचा सगळ्यात मोठा सण. नाईकाच्या बायकोनं तिला आपल्याशेजारी बसवलं, बाया तिच्याभोवती फेर धरून नाचल्या, तिच्या नावानं गाणं म्हटलं. जमनी तिच्या मांडीवर. मी एका बाजूला, नारळाचा तुकडा चघळत. मोठीमाय इतकी अवघडून बसली होती की जणू तिला चोरी करताना धरून आणलंय. मला वाटलं, किती हे सोंग. मनातून फुगली असेल आणि वरून साधेपणा दाखवतेय.

त्यानंतर तर ती जास्तच तशी झाली. एका वर्षी आमची मेंढरं तांड्याच्या तुरीत घुसली आणि वावराचा एक कोपरा खाऊन मोकळी झाली. पंच बसले. वडील छातीठोकपणे म्हणाले, आमची मेंढरं त्या बाजूला गेलीच नाहीत. कोणी बघितलंही नव्हतं, प्रकरण तिथंच मिटलं असतं. बायकांत बसलेली मोठीमाय उठून उभी राहिली. "आमचीच व्हती. म्याच राखत व्हते, डोळा लागला माहा." भरपाई म्हणून आमचा सगळ्यात चांगला मेंढा तांड्यावर गेला. घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, "वैनी, तुमी या घरच्या हाव का त्या घरच्या?" ती म्हणाली, "भाऊजी, तुरीला काय ठाव मेंढरू कोण्या घरचं ते." पण मी मनातल्या मनात वडिलांच्याच बाजूनं होते.

माझा स्वतःचा प्रश्न एकच होता आणि तो मी तिला वर्षानुवर्षं विचारत राहिले. "मोठीमाय, मला आधी काहून न्हाई काढलं?" लहान असताना ती म्हणायची, "जमनी जवळ व्हती." जरा मोठी झाले तेव्हा उत्तर आलं, "तू धीराची हायस, मला ठाव व्हतं तू दम धरशील." एकदा रागावून म्हणाली, "काढलं ना? जित्ती हायस ना? मंग?" उत्तरं बदलत गेली, तसा माझा संशय पक्का होत गेला, की खरं उत्तर मला ऐकवण्यासारखं नाही. तिला ती जास्त आवडते. आणि आवडत असेल तर पाण्यात हात आपोआप तिकडेच जाणार.

आम्हा दोघींची लग्नं एकाच उन्हाळ्यात ठरली. मला कुरुंद्याला दिलं, हळदवाल्यांच्या घरात. जमनीचं लग्न कनेरगाव नाक्यावर धाबा चालवणाऱ्या एका मुलाशी. मोठीमायकडे द्यायला दोन गोष्टी होत्या. तिच्या लग्नातले हातात घालायचे चांदीचे गोठ, आणि स्वतः सूत काढून विणून घेतलेली नवी घोंगडी. गोठ माझेच, याबद्दल घरात कोणाच्या मनात शंका नव्हती. पण मोठीमायनं दोन्ही वस्तू पुढ्यात ठेवल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. विचारायला बसली माझी आई. आता आई ती आई. तिनं गोठ उचलताना मुद्दाम एकमेकांवर आपटून खण्णकन वाजवले आणि गोड आवाजात विचारलं, "हे कोणाला गं, अक्का?"

मोठीमाय तिकडे तोंड करूनच म्हणाली, "जमनीला." मग हळूच पुढे म्हणाली, "धाकले, वाजवायचं नव्हतं. कान उघडे हायत माहे."

जमनी हसता हसता रडली आणि मला म्हणाली, तू घे, मला घोंगडी दे. मी कशाला घेतेय! मी घोंगडी उचलली आणि आत गेले. न वाजवता विचारलं असतं तर निदान नशिबाला बोल लावता आला असता. इथं तर तिनं ऐकून, समजून माझ्या हातातून गोठ काढून घेतले होते. हा कसला न्याय? कुरुंद्याला पहिल्या हिवाळ्यात ती घोंगडी मी पेटीतून काढलीही नाही.

मग बरीच वर्षं गेली. मला मुलं झाली, हळदीच्या कामात बोटं पिवळी झाली. जमनीचा धाबा चांगला चालला. मी माहेरी गेले की आधी ऐकायचं ते हे, की जमनी येऊन गेली, जमनीनं औषध आणलं, जमनीनं चादर आणली. मोठीमायनं आता अंथरूण धरलं होतं. पोटात काहीतरी झालं होतं आणि नांदेडच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. मी पंधरा दिवसांसाठी आले. खरं सांगते, सेवेसाठी जितकी आले तितकीच जमनीच्या आधी पोचायला आले.

एका दुपारी अंगणात बाज टाकून मी तिचे केस विंचरत होते. केस राहिले होते थोडे. ती शांत होती, दुखणं त्या दिवशी जरा उतरलं होतं. मी म्हटलं, "मोठीमाय, आता तरी खरं सांग. मला आधी काहून न्हाई काढलं?"

तिनं डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "तुलाच काढलं व्हतं, माय."

मी पुढे वाकून तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"पाण्यात हिरवा परकर दिसला. म्या म्हणलं, मुक्ता. वढून वर काढलं तं तोंड जमनीचं."

मी फणी खाली ठेवली. "मंग?"

"मंग हात सुटला माहा." तिनं उजवा हात उघडून बघितला. "सुटला न्हाई. सोडला म्या. तोंड पाहिलं अन् सोडला. लेकरू खाली गेलं. मंग पुन्हा धरलं म्या तिला. पापणी लवाया लागते तेवढा येळ गेला असंल. पण गेला." ती दम घेऊन पुढे बोलली, "लोकायनं मला डोक्यावर घेतलं. त्या पोरीनं आई केलं. म्या काय सांगू त्यायला? तवापासून वाटे घालताना तुमच्या तोंडाकडं पाहत न्हाई. मला माह्या डोळ्याचा भरवसा न्हाई. सांगायचं का न्हाई जमनीला, ते आता तुहं तू पाह्य."

मला काय वाटलं असेल? आनंद झाला. लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली, थोडीशी. पण आधी आनंदच. एवढी वर्षं जिच्यावर जळत होते, तिला मोठीमायनं माझ्यासाठी सोडून दिलं होतं. मी तिच्या रक्ताची नव्हते तरी तिच्या हातानं मलाच शोधलं होतं. मी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि त्या संध्याकाळी तिला मऊ भात स्वतःच्या हातानं भरवला. गोठांचा रागसुद्धा त्या दिवशी मी सोडून दिला.

त्या आठवड्यातच मोठीमाय गेली. जमनीला निरोप पोचायला उशीर झाला, तिला शेवटचं तोंड दिसलं नाही. दहाव्याला ती धाब्यावरची जीप घेऊन आली, नवरा आणि तांड्याच्या बाया बरोबर. त्यांच्यात बाया एकमेकींच्या गळ्यात पडून सुरावर रडतात, गेलेल्या माणसाचं सगळं त्या रडण्यात सांगतात. जमनी माझ्या गळ्यात पडली आणि अर्धं गाव ऐकत असताना रडत राहिली, याडी गं, तू तुझं लेकरू सोडून मला काढलंस. बाया डोळे पुसत होत्या. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होते आणि माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं.

जेवणं झाल्यावर आम्ही दोघी मेंढरांच्या वाड्याजवळ बसलो. तिनं विचारलं, "मुक्ते, तुला अजून राग येतो न्हाई माहा?"

"जमने, तुला एक सांगायचं हाय," मी म्हटलं.

पण तिनं ऐकलं नाही, ती आपल्याच तंद्रीत होती. "मला सगळं आठवते. कोणाला सांगितलं न्हाई कधी. याडीनं मला वर काढलं, माहं तोंड पाहिलं, अन् मी सुटले. खाली गेले. वाटलं, झालं आता. ही मुक्ताची याडी हाय, ही काहून येईल माह्यासाठी. अन् ती आली. केसाला धरून वढलं मला. तोंड पाहून गेली व्हती अन् तरी आली." तिनं पदरानं नाक पुसलं. "काय सांगून राहिली व्हतीस?"

"काही नाही," मी म्हटलं. "पाणी पिऊन घे, घसा बसलाय तुझा."

ती पाणी प्यायला उठली. मी तिथंच बसून राहिले. मोठीमायनं मला सांगितलेलं सगळं खरं होतं आणि जमनी सांगत होती तेही खरं होतं. त्यात मी पंधरा दिवस मिरवत होते तो माझा वाटा मला आता नीट दिसला. पहिल्यांदा मोठीमायनं धरला तो माझा परकर. दुसऱ्यांदा तिनं जमनीला धरलं, ती जमनी आहे हे पाहून, आणि मी खाली आहे हे माहीत असून. मला तिनं त्यानंतर धरलं, तेव्हा पाण्यात दुसरं कोणी उरलंच नव्हतं.